‘लातूर’चा ‘ल’ का बदलतो?

नांदेड-लातूरच्या छापखान्यांत संगणकावर लग्नपत्रिका जुळविताना ‘लातूर’चा ‘ल’ कधी पाकळीयुक्त, तर कधी हिंदी वळणाचा दंडयुक्त उमटतो. संकेतांक आणि फॉन्ट यांतील भेद त्यास कारणीभूत आहे. युनिकोडमध्ये दोन्ही रूपांना ०९३२ हा एकच संकेतांक आहे. रूप ठरवितो तो फॉन्ट. राज्य शासनाने २०२२ मध्ये पाकळीयुक्त ‘ल’ प्रमाण मानला आहे.

अक्षराचा आकार पॉइंटमध्ये मोजतात. संगणकावर ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. ओळींमधील अंतर म्हणजे लेडिंग. पूर्वी खिळ्यांच्या ओळींत शिशाच्या पट्ट्या घालत, त्यावरून हे नाव पडले. वेलांटी आणि उकार एकमेकांस भिडू नयेत, यासाठी देवनागरीत ते थोडे अधिक ठेवावे लागते.

या दोन्ही गोष्टी प्रूफ पाहतानाच तपासाव्यात. पत्रिका छापून झाल्यावर ‘ल’ बदलता येत नाही.