बेगमीची चव
लेखमाला : कोरडवाहू स्वयंपाकघर (लेखांक ६)

धारूरच्या बाजारात हॅम शोधायला कुणी जाणार नाही. मुसलमान घरांत डुकराचं मांस निषिद्ध आहे, आणि मटण-कोंबडी आवडीने खाणाऱ्या बहुसंख्य हिंदू घरांतही ते चालत नाही. तरीही बालाघाटच्या डोंगरावरच्या या तालुक्याच्या गावाचं स्वयंपाकघर समजून घ्यायला हॅम चांगलं उपयोगी पडतं, कारण ज्या गरजेतून युरोपातल्या शेतकऱ्याने डुकराची मांडी मिठात पुरली, तीच गरज इथेही होती. मांस रोज मिळत नव्हतं, पण मिळे तेव्हा एका जेवणात संपणार नाही इतकं मिळे. गुळाचंही तसंच: गुऱ्हाळ चार महिने चालणार आणि गूळ बारा महिने लागणार. आजच्या लेखात मांडायचं आहे ते एवढंच: कोरडवाहू मुलखात मांस आणि गोड या दोन्ही बेगमीच्या वस्तू आहेत. त्यांतलं पाणी घालवलं म्हणजे त्या टिकतात, आणि पाणी गेल्यामुळेच त्यांची चव इतकी दाट होते की थोड्यातच भांडंभर अन्नाचं भागतं. साठवणीची ही युक्ती आणि घरगुती स्वयंपाकाची चव या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत.

याचा पुरावा कुठल्याही मराठी घरात सापडतो. पुरणपोळी आणि गूळपोळी या दोन्हींत गूळ आहे, दोन्ही तव्यावर भाजल्या जातात. पण उन्हाळ्यात होळीची पुरणपोळी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आंबूस वास द्यायला लागते, आणि संक्रांतीची गूळपोळी डब्यात आठवडाभर खुसखुशीत राहते. फरक पाण्याचा आहे. पुरणाची डाळ पाण्यात शिजते. तिच्यावरचं पाणी आपण काढून घेतो, त्याची येळवणीची आमटी करतो, मग गूळ घालून पुरण आटवतो. मध्ये उभं केलेलं उलथनं पडेनासं झालं म्हणजे पुरण झालं, ही परीक्षा म्हणजे पाणी किती उरलं याचीच मोजणी आहे. तरीही डाळीच्या पोटात ओल राहतेच. गूळपोळीच्या सारणाला मात्र पाण्याचा हात लागत नाही: किसलेला गूळ, भाजलेल्या तिळाचं कूट, तेलावर खमंग परतलेलं बेसन. बुरशीला आणि जंतूंना वाढायला मोकळं पाणी लागतं. भरपूर साखर किंवा भरपूर मीठ असेल तर असलेलं थोडं पाणीही त्यात बांधलं जातं आणि त्यांच्या हाती लागत नाही. पावसाळ्यात उघडा राहिलेला गूळ पाझरतो तो याच स्वभावामुळे, हवेतली ओलसुद्धा तो ओढून घेतो.

हॅमचे दोन प्रकार या दोन पोळ्यांसारखेच एकमेकांपासून वेगळे पडतात. इटलीतल्या पार्माचं हॅम म्हणजे डुकराची मागची मांडी आणि मीठ, बाकी काही नाही. मांडीला मीठ चोळून ती थंड जागी ठेवतात, मीठ आत मुरलं की धुऊन टांगतात आणि किमान वर्षभर वाऱ्यावर वाळू देतात. तेवढ्या काळात तिचं पाव हिश्श्याहून अधिक वजन उडून जातं. पुण्या-मुंबईच्या दुकानांत पातळ काप करून मिळतं ते बहुतेक हॅम निराळं असतं. त्यात मिठाचं पाणी सुईने टोचून भरतात, मग ते शिजवतात, आणि गुलाबी रंगासाठी नायट्राइट वापरतात. पाकीट उघडलं की फ्रिजमध्येही ते काही दिवसांतच संपवावं लागतं. नाव एक असलं तरी पहिलं बेगमीचं आहे आणि दुसरं ताज्या अन्नाच्या जातीचं. जगभरच्या साध्या घरांनी पहिल्या प्रकाराचा वापर कसा केला हे पाहण्यासारखं आहे. हॅमचे काप ताटात वाढणं ही सणाची किंवा पैसेवाल्याची चैन. रोजच्या घरात उरलेलं हाड आणि त्याला चिकटलेलं मांस वाटाण्याच्या किंवा घेवड्याच्या भांड्यात जाई. डच घरांतलं वाटाण्याचं दाट सूप असंच होतं. अमेरिकी सिनेटच्या उपाहारगृहात रोज मिळणारं घेवड्याचं सूपही हॅमच्या हाडावरच शिजतं. पोट कडधान्य भरतं, हॅम फक्त चव देतं.

धारूरकडे हे काम सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, करते. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर, तरी मराठवाड्याच्या आठवडी बाजारांत सुकट आणि सुके बोंबील पाट्यांवर मांडलेले दिसतात. ताज्या बोंबलात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं. कोकणच्या किनाऱ्यावर तो बांबूंच्या मांडवावर टांगून वाळवतात म्हणूनच तो घाट चढून येऊ शकतो. घरात मूठभर सुकट कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंत भाजायची, पाण्यातून काढून वाळू झटकायची, मग कांदा, लसूण, तिखटावर परतायची किंवा वांग्यात टाकायची. भाकरीबरोबर ती मूठ चार-पाच जणांना पुरते. ताजी मासळी त्याच वजनाची आणली तर एकाचंही जेवण होणार नाही. हॅमचं हाड घेवड्यात जे करतं तेच सुकट वांग्यात करते, आणि सुकट ज्यांच्याकडे चालते त्या घरांत हिंदू-मुसलमान भेद राहत नाही. हॅम खाणाऱ्या वाचकाला यातून सरळ व्यवहाराची गोष्ट घेता येईल. रात्री भिजवलेला वाटाणा किंवा घेवडा शिजवताना कांद्या-लसणाबरोबर थोडे बारीक चिरलेले हॅमचे तुकडे टाकावेत, मीठ मात्र शेवटी चाखूनच घालावं, कारण बहुतेक वेळा ते लागतच नाही.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. हॅमशी नातं सांगायचं तर मराठवाड्यात सुकटीपेक्षाही जवळचा पदार्थ आहे, तो म्हणजे चान्या. मांसाच्या लांब पातळ पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळवायच्या, कडक झाल्या की ठेवून द्यायच्या आणि लागतील तेव्हा निखाऱ्यावर भाजायच्या किंवा शिजवायच्या. ही विद्या गावकुसाबाहेरच्या घरांत टिकली, आणि ती टिकण्यामागे निवड नव्हती. मेलेलं जनावर ओढण्याचं काम ज्यांच्या माथी मारलं त्यांच्याच वाट्याला ते मांस आलं. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मृत जनावराचं मांस सोडण्याचं आवाहन केलं ते माणूसपणाच्या हक्काचा भाग म्हणून. मग अशा पदार्थाला पार्माच्या हॅमशेजारी बसवणं ही अपमानाला दिलेली गोड कल्हई नाही का?

आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तर त्याच्या आतच आहे. कृती पाहिली तर दोन्हीकडे तीच: मांसातलं पाणी घालवा, वाऱ्यावर ठेवा, थोडं थोडं वापरा. प्रतिष्ठेत मात्र आकाशपाताळाचं अंतर. पार्माच्या हॅमच्या उत्पादकांनी १९६३ साली आपला संघ उभारला आणि १९९६ मध्ये युरोपीय संघाने त्या नावाला कायद्याचं संरक्षण दिलं. चान्यांना पाककृतींच्या पुस्तकांनी दारात उभं केलं नाही, आणि २०१५ पासून महाराष्ट्रात गोवंशाच्या कत्तलीवर आलेल्या बंदीने त्यांचा बराच कच्चा मालही गेला. त्याच वर्षी शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ प्रसिद्ध झालं. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांचा स्वयंपाक त्यात कृतींसकट नोंदलेला आहे, आणि २०२४ मध्ये ते इंग्रजीतही गेलं. या पुस्तकाने गौरव आणि लाज या दोन टोकांपलीकडची वाट दाखवली. सक्ती नाकारायची आणि कौशल्य नोंदवायचं, ही दोन्ही कामं एकाच वेळी करता येतात. पदार्थाला मान कोण देतं हे चूल ठरवत नाही, चुलीभोवतीचा समाज ठरवतो. म्हणून तर दोन पदार्थ शेजारी ठेवून पाहायला हवेत. वेगवेगळे ठेवले तर अंतर पदार्थांत आहे असा भास होतो.

दुसरा आक्षेप गोडाबद्दल आहे. मांस बेगमीचं असेल, पण गोड ही तर सणाची चैन, तिचा टिकाऊपणाशी काय संबंध? सण गोडाला निमित्त देतो हे बरोबर, पण आपले साधे गोड पदार्थ उकलून पाहिले तर बहुतेकांत धान्य किंवा गळित जास्त आणि पाणी नाहीच: शेंगदाण्याचा लाडू, तिळगूळ, भाजलेल्या कणकेचा लाडू. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या लोकांना आणि पोरांना सुकडी वाटली गेली. भाजलेलं पीठ आणि गोड यांचं ते कोरडं मिश्रण होतं, ज्याला चूल लागत नव्हती, भांडं लागत नव्हतं आणि जे पोत्यात नासत नव्हतं. सरकारी मदतीने जो पदार्थ निवडला तो कोरडवाहू घराने आधीच सिद्ध केलेल्या तत्त्वावरचा होता. दुधाचंही तेच. धारूरच्या नैर्ऋत्येला, धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात कुंथलगिरीचा परिसर खव्यासाठी आणि पेढ्यांसाठी नावाजलेला आहे. पाच लिटर दूध आटवून साधारण किलोभर खवा होतो. डोंगराळ भागात गोठे विखुरलेले आणि शहर लांब असेल, तर दूध पोचवण्यापेक्षा दुधातलं पाणी तिथेच जाळून टाकणं शहाणपणाचं. पेढा आपल्याला मिठाई वाटतो, पण त्याचं मूळ वाहतुकीच्या हिशेबात आहे.

तिसरा आक्षेप फ्रिजचा. आता घरोघरी वीज आणि फ्रिज आले, मग वाळवण-साठवणीची ही थोरवी कशाला? पण फ्रिज पदार्थ थांबवून धरतो, त्याची चव घडवत नाही. थंड केलेली ताजी कोळंबी सुकटीचं काम करू शकत नाही, कारण वाळताना जो दाटपणा आला तो तिच्यात नाही. आणि फ्रिज घरोघरी आला हेही अर्धंच खरं. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं, त्यांत धारूर तालुक्यातलीही, दसरा-दिवाळीच्या सुमाराला पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुक्काम फडाजवळच्या कोपीत म्हणजे झोपडीत, स्वयंपाक पहाटेच्या अंधारात तीन दगडांवर. तिथे वाळलेली चटणी, सुकट, कोरडं पीठ हीच तिजोरी. संक्रांत दरवर्षी त्यांच्या हंगामाच्या मध्यावर येते. साऱ्या राज्याच्या साखरेचा ऊस तोडणाऱ्या या माणसांच्या वाट्याला सणाचं गोड येतं ते तीळ, शेंगदाणे आणि गुळाच्या रूपात, म्हणजे जे टिकतं त्याच्याच रूपात.

आरोग्याचा आक्षेपही टाळता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये मीठ मुरवलेलं, धुरवलेलं किंवा अशाच रीतीने टिकवलेलं मांस कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. असं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असं तिने सांगितलं. गुळाला आरोग्यदायी म्हणून कितीही विकलं तरी तोही मुख्यतः साखरच. हे मान्य करूनच बेगमीच्या स्वयंपाकाकडे पाहायला हवं. रोजचे ५० ग्रॅम म्हणजे हॅमचे दोन-तीन काप दररोज, ताटातला मुख्य पदार्थ म्हणून. जुन्या घरात तेवढ्या तुकड्यात आठवड्याचं एखादं भांडं सहा जणांना पुरे. बिघाड झाला तो बेगमीची वस्तू मुबलक झाली आणि आपण ती ताज्या भाजीसारखी वाढू लागलो तेव्हा. हाच हिशेब गोडालाही लागू आहे.

या सगळ्या मांडणीला धारूरमध्येच एक अपवाद आहे, आणि तो नेमका धारूरच्या नावाचा आहे: सीताफळ. बालाघाटच्या माळांवरच्या सीताफळाला बीड जिल्ह्याच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि ‘धारूर-६’ नावाचा वाणही प्रसिद्ध आहे. हे फळ बेगमीला दाद देत नाही. पिकलं की दोन-चार दिवसांत हातातून जातं. फार थंडीत ठेवलं तर साल काळी पडते आणि गर तापवला तर कडवटपणा येतो. म्हणून सीताफळाची बासुंदी करताना आटवायचं ते फक्त दूध. ते पूर्ण गार झाल्यावरच बिया काढलेला गर त्यात ढवळायचा. साखर आधी चाखून मग घालावी, कारण फळाचा गोडवा पुष्कळदा पुरेसा असतो. या अपवादाने नियम मोडत नाही, उलट स्पष्ट होतो. जिथे फळातलं पाणी काढता येत नाही तिथे घराने दुधातलं पाणी काढलं आणि फळाला त्याच्या मर्जीने राहू दिलं. कुठे आटवायचं आणि कुठे हात आवरायचा, हा निर्णय म्हणजेच स्वयंपाक.

याचा अर्थ पाककृती लिहिणाऱ्यांनी एक सवय बदलायला हवी. आपली पुस्तकं साहित्य आणि कृती देतात, पण पदार्थ किती दिवस टिकेल आणि किती माणसांना किती पुरेल हे क्वचितच सांगतात. गूळपोळीच्या खाली ‘आठवडाभर’, पुरणपोळीच्या खाली ‘दुसऱ्या दिवसापर्यंत’, सुकटीच्या खाली ‘मूठभर, पाच जणांना’ असं लिहिलं तर कोरडवाहू घराचं शहाणपण कागदावर येईल. ही यादी सगळ्या घरांकडून गोळा व्हायला हवी: कोपीतल्या चुलीकडून, पेठेतल्या मुसलमान घराकडून, गावकुसाबाहेर वाढलेल्या पिढीकडून. एकाच आळीच्या स्वयंपाकाला गावाचा स्वयंपाक म्हणणं हे चवीच्या दृष्टीनेही अपुरं आहे. पुढच्या आठवड्यात याच यादीतला एक पदार्थ घेऊ: खारोड्या, म्हणजे उन्हात वाळवलेली बाजरी.