कर्ज घेण्याआधी आपला पाऊस बघा

आज आपल्या सातारा जिल्ह्याबद्दल बोलू या. पण शाळेतल्या भूगोलासारखं नको. बचत गटाचं कर्ज कशासाठी घ्यावं हे ठरवायला जिल्ह्याचा नकाशा कसा कामाला येतो, ते पाहू.

आपल्या जिल्ह्यात तालुके ११. पश्चिमेला डोंगरातले महाबळेश्वर, जावळी आणि पाटण. मध्ये वाई, सातारा, कोरेगाव, कराड. उत्तरेला नीरेच्या बाजूला खंडाळा आणि फलटण. पूर्वेला माण आणि खटाव. कलेक्टर एक, जिल्हा परिषद एक, पण पाऊस मात्र एक नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. माणमध्ये पडतो ५०० च्या आसपास. म्हणजे दहावा हिस्सासुद्धा नाही.

असं का? पावसाळी ढग अरबी समुद्रावरून येतात आणि सह्याद्रीला अडतात. डोंगर चढताना ते वर जातात, थंड होतात आणि तिथंच रिते होतात. ओलं लुगडं आधीच पिळून टाकलं, तर दोरीवर घातल्यावर कितीसं ठिबकणार? पूर्वेकडे येणारे ढग तसे पिळून आलेले असतात. याला पर्जन्यछाया म्हणतात.

या पावसानंच आपलं जगणं ठरवलं. पश्चिमेला भात, नाचणी आणि आता स्ट्रॉबेरी. कृष्णाकाठी ऊस, हळद, आलं. माण-खटावला बाजरी, ज्वारी, मटकी आणि मेंढरं. पोटासाठी इथली माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, आणि शेत, जनावरं, म्हातारी माणसं बाईनं सांभाळली. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आया-सासवांनी सरकारी कामांवर खडी फोडली, तलावाची माती वाहिली. १९८२ च्या संपानंतर गिरणीतले बरेच जण गावी परतले, तेव्हा त्यांना याच शेतानं आधार दिला.

आता माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी मी कृष्णाकाठच्या गटांचा दुधाचा धंदा पाहून आले. फार आवडला. पूर्वेकडच्या एका गटाला म्हटलं, तुम्हीही संकरित गाई घ्या. पाच जणींनी घेतल्या. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या, चारा महागला. दुभत्या संकरित गाईला दिवसाला ७०-८० लिटर पाणी लागतं. घरात प्यायला टँकरचं पाणी, मग गाईला कुठून आणायचं? तिघींनी पडेल त्या भावात गाई विकल्या. गाई गेल्या, हप्ते राहिले. एका मावशीनं दागिना गहाण टाकून हप्ता भरला. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण तेच जास्त लागलं. त्याच गावात एकीच्या चार शेळ्या होत्या. शेळीला पाच-सात लिटर पाणी पुरतं, बाभळीच्या शेंगाही चालतात. तिचा हप्ता एकदाही चुकला नाही.

याचा अर्थ पूर्वेला गाय घेऊच नये असा नाही. फलटणलाही पाऊस कमीच. पण नीरेचा कालवा आला आणि तिथं ऊस उभा राहिला, वैरण आली, दूध आलं. उरमोडी धरणाचं पाणी आता माण-खटावच्या काही गावांत पोचलंय. माणमधल्या टाकेवाडीनं श्रमदानानं पाणी अडवून २०१८ साली वॉटर कप स्पर्धेत पहिला नंबर काढला. म्हणून पाऊस किती पडतो एवढंच विचारून भागत नाही. आपल्या गावात पाणी टिकतं किती, हेही विचारायचं.

एक सोपा हिशेब सांगते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. वीस बाय दहा फुटांच्या पत्र्यावर माणच्या पावसातही वर्षाला नऊ हजार लिटरच्या घरात पाणी पडतं. थोडं वाया गेलं तरी दोनशे लिटरची चाळीसेक पिंपं भरतील. पन्हाळ आणि टाकीसाठी गटातून कर्ज काढलं, तर तेही वाया जाणार नाही.

तर पुढच्या बैठकीत कर्जाचा अर्ज भरण्याआधी चार प्रश्न विचारा. आपल्या विहिरीला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असतं? उन्हाळ्यात वैरण कुठून येणार, काय भावानं? कालव्याचं पाणी खरंच येतं की नुसतं ऐकतोय? आणि पाऊस चुकला तर हप्ता कशातून भरणार? उत्तरं ठराव वहीत लिहा. वयस्कर बायकांना आधी बोलू द्या. गावचा दुष्काळ त्यांच्या डोक्यात तारीखवार असतो. आणि माझ्यासारखी कुणी बाहेरून येऊन धंदा सुचवू लागली, तर तिलाही हेच चार प्रश्न विचारा.