कुत्र्याची छत्री

पावसाळ्यात आपल्या खेडच्या रानात वारुळाभोवती अळंबी उगवते. जाणती माणसं ती ओळखून आणतात, घरी छान कालवण होतं. शेणावर उगवलेल्या छत्रीला मात्र आपण वळसा घालतो. तिचं नावच ‘कुत्र्याची छत्री’! हिंदीतही ‘कुकुरमुत्ता’, तिथंही कुत्राच. खायची ती अळंबी, बाकी सारं विष, अशी आपली सरळ वाटणी.

या वाटणीत एक छत्री कुठंच बसत नाही. उष्ण प्रदेशात शेणावर उगवणाऱ्या काही जातींत सायलोसायबिन नावाचं द्रव्य असतं. ते मेंदूवर काम करतं. रंग हलू लागतात, वेळेचं भान सुटतं. कुणी हरखतो, कुणी भीतीनं गांगरतो. ही छत्री पोट भरत नाही आणि सहसा जीवही घेत नाही. मेक्सिकोतले माझातेक लोक ती धार्मिक विधीत वापरत. १९५७ साली गॉर्डन वॉसन यांनी ‘लाइफ’ साप्ताहिकात त्यावर लिहिलं आणि जगभर गवगवा झाला. पुढच्याच वर्षी आल्बर्ट हॉफमन यांनी त्यातलं द्रव्य वेगळं काढलं.

मग बंदी आली. आपल्याकडेही १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात सायलोसायबिन आहे. उलट ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून, इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी, परवानाधारक मनोविकारतज्ज्ञ ते देऊ शकतात. बुरशीशी आपलं नातं असंच दुटप्पी. भाकरीवरची बुरशी आपण फेकतो आणि बुरशीतून मिळालेलं पेनिसिलिन बनवायला १९५४ साली पिंपरीत सरकारी कंपनी काढतो.

खरी काळजी आहे ती कुतूहलानं रानात शिरणाऱ्या पोरांची. तशाच दिसणाऱ्या काही तपकिरी छत्र्या यकृत निकामी करतात. त्यांचं विष शिजवून जात नाही आणि लक्षणं बहुधा सहा-बारा तासांनी दिसतात, तोवर उशीर होतो. ‘कीड लागली म्हणजे खाण्याजोगी’ हा ठोकताळाही फसवा. तेव्हा अनोळखी छत्री तोंडात घालू नये. चुकून खाल्लीच, तर उरलेला तुकडा घेऊन लगेच दवाखाना गाठावा.

मुलांना मात्र ‘सगळंच विष’ असं सांगून गप्प करू नका. त्यातलं एक खोटं निघालं, की आपला खरा इशाराही ती ऐकणार नाहीत.