शोभेची दारू आणि गौळण

गेली कित्येक वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो. शाहिरी वाङ्मय हा माझा आवडता विषय. गण कशाला म्हणावे, गौळणीत मावशीचे काम काय, हे मी टिपणे न पाहता सांगू शकतो. पण वाचकहो, खरे सांगायचे तर २०१८ सालापर्यंत मी तमाशा प्रत्यक्ष असा एकदाही पाहिला नव्हता! प्राध्यापकाच्या घरची माणसे तिकडे जात नसतात, एवढेच कारण.

तो योग आणला आमच्या आईने. ती परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीची. तिकडचा उन्हाळा सोसेना म्हणून चैत्रातच ती आमच्याकडे नारायणगावाला आली होती. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची कारभारी मंडळी आपल्या यात्रेची सुपारी द्यायला येतात. बाजारात जाताना आईने त्या राहुट्या पाहिल्या आणि घरी येऊन विचारले, "तू पोरायला शिकवतूस ते हेच का रे? मग दाखव की मला."

आमच्या सौभाग्यवतींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. कोणी विद्यार्थ्याने पाहिले तर, ही एक भीती. दुसरी अधिक खरी होती. १० एप्रिल २०१६ रोजी केरळात पुट्टिंगल देवळाच्या उत्सवात शोभेच्या दारूचा साठा पेटून शंभराहून अधिक माणसे दगावली, ते ती विसरली नव्हती. अखेर जवळच्याच एका गावच्या यात्रेला जायचे ठरले. शेजाऱ्यांना आम्ही 'दर्शनाला' म्हणून सांगितले.

दारू उडवायची जागा सुदैवाने लोकांपासून लांब, मोकळ्या रानात होती. झाडे झाली, चक्रे झाली, मग औटगोळे. हिरवा रंग बेरियमचा, तांबडा स्ट्रॉन्शियमचा, असे मी चिरंजीवांना समजावत होतो. त्यांचे लक्ष कुठले! १७४९ साली लंडनच्या ग्रीन पार्कात हँडेलचे संगीत आणि आतषबाजी असाच बेत जमवला होता, तेव्हा आतषबाजीच्या मांडवानेच पेट घेतला. ही माहिती मात्र मी त्या रात्री स्वतःजवळच ठेवली.

शेवटचा गोळा विझला आणि ढोलकी कडाडली. 'ढोलकी-हलगीची जुगलबंदी' असे मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल! ती बरगड्यांत वाजते, हे त्या रात्री कळले. आई बायकांच्या घोळक्यात सतरंजीवर बसली होती. मावशीने कृष्णाची अशी काही खरडपट्टी काढली की आई हसता हसता डोळे पुसू लागली. "आमचा ह्यो हेच शिकवतो," ती शेजारणीला सांगत होती. मी मान खाली घातली.

वग रंगात आला आणि दहाच्या ठोक्याला कर्णे बंद झाले. २००० सालच्या नियमाने रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक चालत नाहीत. वर्षातून फार तर १५ दिवस बारापर्यंत सवलत देता येते. ती त्या रात्री नव्हती. नियम वाईट म्हणवत नाही, आजाऱ्याला झोप हवीच. पण पहाटेपर्यंत चालायचा वग अर्ध्यात गुंडाळताना सोंगाड्याचा चेहरा कसा होतो, तेही पाहिले.

सकाळी देवळापुढे फडाची हजेरी होती. आई हट्टाने थांबली. वाट पाहताना मी तिला विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सांगितली. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून गौरव झालेली ही बाई. खेळ चालू असताना कनातीमागे बाळंत झाली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली, असे सांगतात. २००२ च्या जानेवारीत ती गेली. अखेरचे दिवस हलाखीचेच होते.

आई काही बोलली नाही. हजेरी संपल्यावर ट्रकच्या सावलीत भाकरी खात बसलेल्या नाचणाऱ्या पोरीपाशी गेली, तिला कुंकू लावले, हातात पन्नासाची नोट ठेवली.

"तुला सुट्टी कवा असती गं?"

"पाऊस लागला की, आई."

२०२० आणि २०२१ ही, यात्राच न भरल्याची, दोन वर्षे सोडली तर दर चैत्रात झरीहून फोन येतो, "यंदा जत्रा कवा हाय?" सौभाग्यवती आता स्वतः सतरंजी काढून ठेवतात. शेजाऱ्यांना मात्र अजूनही 'दर्शनाला' असेच सांगतात.