फ्रीजमधला गॅस जातो कुठे?

मे महिन्यातली सकाळ. रात्री फ्रीजमध्ये ठेवलेले दूध चहासाठी तापवायला घ्यावे आणि ते फाटावे. कोथिंबिरीची जुडी मलूल झालेली, बर्फाच्या ट्रेमध्ये नुसते पाणी. मेकॅनिक येतो, बर्फाच्या कप्प्यात हात घालून बघतो, मागे कान लावून ऐकतो आणि सांगतो, ‘गॅस संपलाय, भरावा लागेल.’ घरातल्यांना ते लगेच पटते. स्वयंपाकघरातला दुसरा गॅस महिना-दीड महिन्याने संपतोच की!

या एका शब्दाने बराच घोळ घातला आहे. शेगडीचा गॅस जळतो, म्हणून संपतो. फ्रीजमधला गॅस जळत नाही, झिजत नाही, शिळाही होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. फ्रीज वीस वर्षे नीट चालला, तर वीस वर्षे तोच गॅस काम करत असतो. तो कमी झाला असेल तर त्याचा अर्थ एकच: कुठेतरी गळती आहे.

तसे हे दोन्ही गॅस एकाच कुळातले. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते, तर आजच्या बहुतेक नव्या घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन. फ्रीजच्या स्टिकरवर त्याचे नाव ‘आर-६००ए’ असे छापलेले असते. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस येतो. फ्रीजमध्ये मात्र तो बहुधा १०० ग्रॅमहूनही कमी असतो आणि तेवढ्यावरच सगळा कारभार चालतो.

कसा, ते माठाकडे पाहिले की कळते. माठातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते पाणी माठातली उष्णता घेऊन जाते. इंजेक्शनआधी दंडावर लावलेले स्पिरिट गार लागते, तेही त्यामुळेच. आयसोब्युटेन तर उणे १२ अंश सेल्सियसच्या आसपासच उकळते. दाब आणखी कमी केला की ते त्याहूनही थंड तापमानाला उकळते. फ्रीझरच्या नळ्यांमध्ये ते असे उकळते आणि भाजी-दुधातली उष्णता शोषून घेते. मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. दाबलेली वाफ गरम होते, बाहेरच्या नळ्यांमध्ये आपली उष्णता स्वयंपाकघरात सोडते आणि पुन्हा द्रव होते. माठातल्या पाण्याची वाफ हवेत निघून जाते, फ्रीजमध्ये ती परत धरून आणली जाते. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या जेकब पर्किन्स या अमेरिकी संशोधकाने १८३४ मध्ये या चक्राचे पेटंट घेतले, तेव्हाही द्रव वाया न घालवता पुन:पुन्हा वापरणे हाच त्याचा मुख्य दावा होता.

म्हणजे फ्रीज थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. तो गार करेनासा झाला की पहिला प्रश्न हा: उष्णतेची वाट कुठे अडली आहे?

पुष्कळदा ती अगदी बाहेरच अडलेली असते. जुन्या फ्रीजच्या मागे काळी जाळी दिसायची आणि तिच्यावर धूळ व स्वयंपाकघरातला तेलकट थर बसायचा. नव्या फ्रीजमध्ये या नळ्या बहुधा बाजूच्या पत्र्याआड असतात. त्यामुळे फ्रीजची कूस गरम लागली की लोक घाबरतात. खरे तर ती खूण चांगली आहे. उष्णता बाहेर पडते आहे. पण शहरातल्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात तोच फ्रीज कपाट आणि भिंत यांच्यामध्ये घट्ट बसवलेला असतो. मागे-बाजूला चार बोटे जागा मोकळी केली, तरी पुष्कळ फरक पडतो.

सर्वांत जास्त गैरसमज दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजबद्दल होतो. वर आइस्क्रीम दगडासारखे आणि खाली दूध नासते, ही तक्रार नेहमीची. इथे जरा थांबून विचार करायला हवा. वरचे आइस्क्रीम घट्ट आहे, म्हणजे गॅस आणि कॉम्प्रेसर बहुधा ठीक आहेत. या फ्रीजमध्ये थंडावा तयार होण्याची जागा एकच असते, फ्रीझरच्या मागच्या पडद्याआड. तिथली गार हवा एक छोटा पंखा खाली ढकलतो. हवेतली वाफ त्या थंड नळ्यांवर गोठून हिम साचते आणि ते वितळवण्यासाठी आतला हीटर अधूनमधून आपोआप चालतो. हीटर, त्याचा सेन्सर किंवा टायमर बिघडला की हिम साचतच जाते, हवेची वाट बुजते आणि खालचा कप्पा कोमट होतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणातल्या दमट हवेत, हे आणखी लवकर घडते.

याची चाचणी घरी करता येते, खर्च शून्य. फ्रीज रिकामा करायचा, प्लग काढायचा, दोन्ही दारे उघडी ठेवून पूर्ण एक दिवस तसाच सोडायचा. खाली जुने टॉवेल अंथरायचे, कारण पाणी बरेच येते. त्यानंतर फ्रीज काही दिवस उत्तम चालला आणि मग पुन्हा तीच तक्रार आली, तर दोष डिफ्रॉस्टच्या यंत्रणेत आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. पंख्याचेही असेच. अनेक मॉडेलमध्ये दार उघडले की पंखा थांबतो. दाराजवळचे बटण बोटाने दाबून धरले, तर त्याची घरघर ऐकू यायला हवी. आणि हवेच्या झरोक्यासमोर पालेभाजीच्या पिशव्या कोंबलेल्या असतील, तर आधी त्या हलवाव्यात.

एका दाराच्या फ्रीजचे दुखणे वेगळे. त्यात बर्फाचा कप्पाच थंड होणारा भाग असतो आणि त्यावर साचलेले हिम पांघरुणासारखे काम करते. थर बोटभर जाड झाला की नॉबच्या मधले डिफ्रॉस्टचे बटण दाबून वाट पाहायची. पण घाईत लोक सुरी घेतात. कप्प्याच्या पातळ पत्र्यातच गॅसच्या वाटा असतात. सुरीचे टोक एकदा आरपार गेले की ‘फुस्स’ असा आवाज येतो, आणि तेव्हा मात्र गॅस खरोखरच जातो.

दाराच्या रबराची परीक्षा सोपी आहे. दहाची नोट दारात अर्धी अडकवून ओढायची. विरोध न होता निसटली, तर त्या जागी गरम हवा आत शिरते आहे. मागून दर काही मिनिटांनी ‘टक्’ आवाज येतो, पण कॉम्प्रेसर धरत नाही? मग रिले किंवा ओव्हरलोड बिघडला असेल, किंवा व्होल्टेज कमी असेल.

विदर्भासाठी आणखी एक गोष्ट. फ्रीजच्या स्टिकरवर हवामानाचा वर्ग छापलेला असतो. ‘टी’ वर्गाचा फ्रीज ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेला असतो, ‘एन’ वर्गाचा फक्त ३२ अंशांपर्यंत. चंद्रपूर-नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. तिथे पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात दुपारी फ्रीज दमला, तर तो बिघडला असेलच असे नाही.

हाताने अंदाज घेण्यापेक्षा मोजलेले बरे. पाण्याने भरलेल्या पेल्यात थर्मामीटर ठेवून पेला मधल्या फळीवर रात्रभर राहू द्यावा. सकाळी ४-५ अंश दिसले, तर फ्रीज निरोगी. फ्रीझरमध्ये उणे १८च्या आसपास हवे.

गॅस खरोखर गळला असेल तर खुणा निराळ्या दिसतात. कॉम्प्रेसर न थांबता चालतो, बाहेरच्या बाजू कोमटही होत नाहीत, आणि आतल्या नळ्यांच्या थोड्याच भागावर हिम धरते. अशा वेळी नुसता गॅस भरून भागत नाही. आर-६००एच्या फ्रीजमध्ये थंड बाजूच्या नळ्यांतला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असू शकतो. तिथल्या छिद्रातून हवा आणि दमटपणा आत ओढला जातो. त्यामुळे गळती शोधून बुजवायची, फिल्टर-ड्रायर बदलायचा, पंपाने नळ्यांमधली हवा पूर्ण काढायची आणि मगच स्टिकरवर लिहिलेला गॅस काट्यावर तोलून भरायचा, हा क्रम चुकवता येत नाही. शिवाय आयसोब्युटेन ज्वालाग्राही आहे. नळी डागायची तर खिडक्या उघड्या हव्यात आणि माणूस प्रशिक्षित हवा. हे काम घरच्या घरी करून बघण्याचे नाही.

पुढच्या वेळी ‘गॅस भरावा लागेल’ असे कोणी म्हटले, तर पैसे देण्याआधी त्याला एवढेच विचारा: गळती कुठे आहे, ती दाखवाल का?