नोकरदाराचे मत

वाचकहो, रात्री जेवणे आटोपल्यावर फेसबुकावर लिहिलेल्या चार ओळी ओसरीवरच्या गप्पांसारख्या वाटतात. पण गप्पा वाऱ्यावर जातात, लिहिलेले उरते. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील नववा नियम शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करण्यास मनाई करतो. टोपणनाव घेतले तरी सुटका नाही. प्रस्तुत लेखकाने हे ध्यानात ठेवूनच लेखणी उचलली आहे! राज्यांचेही स्वतंत्र नियम आहेत. त्रिपुरात २०१८ साली एका महिला कर्मचाऱ्यास राजकीय सभेतील उपस्थिती व फेसबुकावरील मजकूर यांवरून निवृत्तीच्या तोंडावर निलंबित करण्यात आले. शासकीय सेवकाचे भाषणस्वातंत्र्य नोकरीत शिरताच लोपत नाही, नियमांच्या मर्यादेत ते राहतेच, असे सांगून उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये ती कारवाई रद्द केली. तोवर निवृत्तीस दीड वर्ष उलटून गेले होते.