सोंगटी रंगवली, पण खेळायचं कोणाशी?

म्हैसूरचा दसरा म्हटला की डोळ्यांसमोर हत्ती येतो. साडेसातशे किलोची सोनेरी अंबारी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची दाटी आणि दिव्यांनी उजळलेला राजवाडा. पण त्याच दिवसांत त्या शहरात आणखी एक दसरा चालू असतो, वीतभर उंचीचा. घरातल्या बैठकीच्या खोलीत पायऱ्यांची मांडणी केलेली असते, तिच्यावर स्वच्छ कापड आणि त्यावर बाहुल्या. सगळ्यांत मानाचे असतात लाकडी राजा-राणी. त्यांना ‘पट्टद गोंबे’ म्हणतात. मुलगी सासरी जाते तेव्हा ही जोडी तिच्याबरोबर जाते. खालच्या पायऱ्यांवर लग्नाची वरात, वाण्याचं दुकान, शेत, देऊळ, एखाद्या घरी क्रिकेटचं मैदानसुद्धा.

बघायला आलेल्या पोरांचे हात शिवशिवतात. मग आतून आवाज येतो, “मुट्टबेडा!” म्हणजे, हात लावू नकोस.

छोट्या, हाताने रंगवलेल्या वस्तूंचं पुढे काय होणार, हा प्रश्न निघाला की मला हा शब्द आठवतो. कारण सध्या जगभर एक छंद जोरात आहे आणि त्यात हात लावल्याशिवाय काहीच होत नाही. बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक, राक्षस, जादूगार विकत आणायचे, बारीक कुंचल्याने रंगवायचे आणि मग टेबलावर डोंगर-नद्या मांडून त्यांच्या लढाया खेळायच्या. इंग्रजीत या पुतळ्यांना मिनिएचर म्हणतात. आपल्याकडे पूर्वीपासून सुंदर शब्द आहे, सोंगटी.

या छंदाचं वय तसं कमी नाही. ‘टाइम मशीन’वाले एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. खेळण्यातल्या शिपायांवर स्प्रिंगच्या तोफेने गोळे मारून लढाई कशी खेळायची, याचे नियम त्यात आहेत. १९७५ मध्ये लंडनमध्ये तीन मित्रांनी गेम्स वर्कशॉप ही कंपनी काढली, १९८३ मध्ये तिने वॉरहॅमर हा खेळ आणला आणि डिसेंबर २०२४ मध्ये ही सोंगट्या विकणारी कंपनी ब्रिटनच्या शेअर बाजारातल्या सगळ्यांत मोठ्या शंभर कंपन्यांच्या यादीत जाऊन बसली. मोबाइलने सगळे खेळ गिळले असं आपण म्हणतो, तेव्हा ही गोष्टही लक्षात ठेवावी.

आता तुम्ही म्हणाल, यात म्हैसूरचं काय? सांगते. रंगवलेल्या खेळांचा एवढा मोठा नाद एकाच माणसाने केल्याचं उदाहरण शोधायचं, तर म्हैसूरलाच जावं लागतं.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टणात टिपू सुलतान पडला आणि इंग्रजांनी पाच वर्षांच्या एका मुलाला म्हैसूरच्या गादीवर बसवलं. हे तिसरे कृष्णराज वडियार, कन्नडमध्ये मुम्मडी कृष्णराज. १८३१ मध्ये इंग्रजांनी कारभार त्यांच्या हातातून काढून घेतला. राजा राहिला, राज्य गेलं. पुढची सदतीस वर्षं, म्हणजे १८६८ मध्ये मरेपर्यंत, या माणसाने आपली बुद्धी विद्या, कला आणि खेळ यांत ओतली. बुद्धिबळाच्या पटावर घोड्याने एकाही घरात दुसऱ्यांदा पाय न ठेवता चौसष्ट घरं फिरायची, या कोड्याच्या कितीतरी रचना त्यांनी केल्या. त्यांच्या नावावरच्या ‘श्रीतत्त्वनिधि’ या प्रचंड ग्रंथाचे नऊ भाग आहेत. आठ भाग देवदेवता, ग्रह, आगम यांचे आणि नववा ‘कौतुकनिधि’, म्हणजे खेळांचा. देवांच्या पंगतीला खेळांचं पान मांडणारा राजा मला फार आवडतो.

त्यांचा सगळ्यांत लाडका खेळ होता गंजिफा. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. हा खेळ इराणकडून आला. बाबराने १५२७ मध्ये एका मित्राला गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्याच आठवणींत आहे. मोगलांच्या संचात आठ रंग आणि ९६ पत्ते असत. इथे रुजल्यावर त्याचा दशावतारी गंजिफा झाला. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा, एकूण १२० पत्ते. मत्स्याच्या पानावर मासे, कूर्माच्या पानावर कासवं, परशुरामाच्या पानावर परशू. बहुतेक वेळा तिघे खेळतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पत्ते येतात. दिवसा खेळ असेल तर ज्याच्या हाती रामाचा राजा तो सुरुवात करतो, रात्री असेल तर कृष्णाचा. गंमत म्हणजे अर्ध्या रंगांत दहा मोठा आणि एक्का लहान, तर उरलेल्या अर्ध्यांत नेमकं उलटं. कोणता पत्ता पडून गेला हे डोक्यात ठेवायचं, त्यात ही उलटापालट. पत्ते शेकायला शेगडी लागत नाही, डोकंच तापतं.

कृष्णराजांना एवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांनी नवे संच रचले, रंग वाढवले, पत्ते वाढवले. त्यांच्या सगळ्यांत मोठ्या संचात अठरा रंग आणि प्रत्येक रंगाचे वीस, म्हणजे ३६० पत्ते आहेत. म्हैसूरच्या चित्रकारांनी ते रंगवले. तळहातात मावणाऱ्या गोलात आख्खा देव, त्याचं वाहन, त्याची आयुधं. हा लघुचित्रकलेचा कळस होता.

पण विचार करा, ३६० पत्त्यांचा डाव कोण खेळणार? राजाच्या भोवती बसणारी मंडळी खेळली असतील. बाजारातला माणूस तो खेळ शिकायला कशाला जाईल? राजाबरोबर त्या संचांमागचा उत्साहही गेला. पुढे छापील बावन्न पत्त्यांचा जोड स्वस्तात मिळू लागला आणि साधा गंजिफाही मागे पडला.

चित्रं मात्र टिकली. म्हैसूर गंजिफाला आज भौगोलिक मानांकन आहे, रघुपती भटांसारख्या चित्रकारांनी ही कला पुन्हा नावारूपाला आणली, आणि कुंचला धरणारे हात तिथे अजून आहेत. पत्ता चौकटीत जातो, भिंतीवर लागतो, भेट म्हणून दिला जातो. डावात फार क्वचित पडतो.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही, कारण ती सावंतवाडीत जशीच्या तशी घडली आहे. तिथेही गंजिफा जवळजवळ संपला होता. १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी म्हाताऱ्या चिताऱ्याकडून तो शिकून घेतला आणि राजवाड्यातच कारखाना सुरू केला. चिंचोक्याची खळ, खडूची पूड, घोटून गुळगुळीत केलेला पत्ता, त्यावर रंग आणि वरून लाखेचं रोगण. तिथला पूर्ण जोड घ्यायचा तर काही हजार रुपये मोजावे लागतात आणि ते रास्तच आहेत. पण एवढ्या किमतीचे पत्ते हातात घेऊन पिसायला जीव धजत नाही.

(म्हैसूर आणि सावंतवाडीचा आणखी एक धागा आहे, इथे सांगून टाकते. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातल्या संग्रहालयात हातात समई धरलेल्या स्त्रीचं जे जलरंगातलं चित्र बघायला झुंबड उडते, ते सावळाराम हळदणकरांचं. हळदणकर सावंतवाडीचे, आणि चित्रातली मुलगी त्यांची लेक गीता. आणि तो जगन्मोहन राजवाडा बांधला कोणी? आपल्या या खेळवेड्या कृष्णराजांनीच, १८६१ मध्ये.)

आता याच्या उलट टोकाचा खेळ बघा, चौकाबारा. पाच बाय पाच घरांचा पट, चार कवड्या, प्रत्येकी चार सोंगट्या. आपल्याकडे गावागणिक त्याचं नाव बदलतं. कुठे चल्लस आठ, कुठे अष्टा-चम्मा. पट खडूने फरशीवर काढायचा. सोंगट्या म्हणून बांगडीचे तुकडे, चिंचोके, खडे, जे हाताला लागेल ते. कवड्या नसल्या तर फोडलेले चिंचोकेही चालतात. या खेळाला राजाचा आश्रय नाही, मानांकन नाही, दिसायलाही तो काही खास नाही. तरीही तो मेला नाही. का? कारण आजीला तो येतो आणि पावसाळ्याच्या दुपारी नातवाला दुसरं काही करायला नसतं.

एका खेळाला रूप मिळालं, खेळाडू गेले. दुसऱ्याला खेळाडू होते, रूप कधी मिळालंच नाही. म्हैसूरमध्येच हे दोन्ही एकत्र आणायचा एक चांगला प्रयत्न चालू आहे. रामसन्स कला प्रतिष्ठान ही संस्था दसऱ्यात ‘बोंबे मने’ हे बाहुल्यांचं प्रदर्शन भरवते आणि ‘क्रीडा कौशल्य’ नावाने पारंपरिक पटांचंही. चौकाबारा, पगडे म्हणजे आपला सारीपाट, अळुगुळी मणे, वाघ-बकरी. हे पट वेगवेगळ्या प्रांतांच्या कारागिरांकडून त्यांच्या-त्यांच्या कलेत करून घेतलेले असतात. कुठे कलमकारी, कुठे लाकडातलं जडावकाम. ‘क्रीडाकौशल्य’ या नावाचा संस्कृत ग्रंथ एकोणिसाव्या शतकात औरंगाबादच्या हरिकृष्ण शास्त्रींनी लिहिला होता, हेही जाता जाता. मला या प्रयत्नाचं मोल वाटतं ते एवढ्यासाठी, की पट विकत घेणाऱ्याला त्यावर डावही मांडता येतो.

म्हैसूर-बंगळूर रस्त्यावर चन्नपट्टण लागतं. तिथले कारागीर लेथवर लाकूड फिरवत असतानाच लाखेचा रंग चढवतात. गुळगुळीत, गोल, मुठीत बसणाऱ्या वस्तू हीच त्या कामाची खासियत. सोंगटी म्हणजे दुसरं काय असतं? नव्या खेळांच्या सोंगट्या घडवायला याहून योग्य हात मिळणं कठीण. खेळ रचणाऱ्या तरुण मंडळींनी परदेशातून प्लास्टिक मागवण्याआधी त्या रस्त्याला एकदा गाडी थांबवावी.

प्लास्टिकचा विषय निघालाच आहे, तर थ्रीडी प्रिंटरबद्दल बोलायला हवं. पूर्वी या छंदातला पुतळा शिसं-कथलाच्या मिश्रधातूचा असे, मग प्लास्टिकचा आला. आता घरातल्या टेबलावरचं यंत्र रेझिनचा पुतळा रातोरात काढून देतं, चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसकट. परदेशी पेटीवर भाडं आणि कर चढल्यावर ज्यांचा हात मागे येत होता, त्यांना ही मोठीच सोय. (कच्चं रेझिन त्वचेला आणि नाकाला चांगलं नाही. हातमोजे हवेत, खिडकी उघडी हवी आणि हे काम मुलांच्या हाती द्यायचं नाही.) पण पुतळे स्वस्त झाले म्हणून छंद वाढेल, हे मला पटत नाही. या छंदातल्या कोणालाही विचारा, कपाटात न रंगवलेल्या पुतळ्यांच्या पेट्या किती आहेत म्हणून. माणूस ओशाळतो. जमवणं सोपं असतं. रंगवायला बसकण लागते आणि खेळायला समोर दुसरं माणूस लागतं. प्रिंटर यातलं काहीच छापून देत नाही.

तेव्हा ज्यांना उत्सुकता आहे त्यांच्यासाठी घरगुती वाट सांगते. महागडी पेटी नको. शून्य आणि दोन नंबरचे कुंचले, चार-पाच ॲक्रिलिक रंग आणि एक जुना मातीचा किंवा प्लास्टिकचा पुतळा एवढं पुरे. आधी पांढरा किंवा राखी प्रायमर, तो नीट वाळू द्या. मग अंगरखा, चेहरा, पागोटं यांचे सपाट रंग, पाणी घालून पातळ केलेले. जाड थराखाली नाक-डोळे बुजतात. त्यानंतर तपकिरी रंग अगदी पाण्यासारखा करून अंगभर सोडायचा. तो चुण्यांत, खाचांत जाऊन बसतो आणि सावली आपोआप पडते. शेवटी फिका रंग कुंचल्याला लावून कागदावर जवळजवळ सगळा पुसायचा आणि तो कोरडा कुंचला उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. नाकाच्या शेंड्यावर, खांद्यावर उजेड येतो. पहिल्यांदा हे घडताना बघितलेलं मूल तुम्हाला दुसरा पुतळा मागितल्याशिवाय राहणार नाही.

आणि मराठी घराला यासाठी पुतळे शोधायला लागूच नयेत. दिवाळीचा किल्ला आहे की! दगड-विटा, पोतं, चिखलाचं लिंपण, त्यावर पेरलेले अळीव, गडावर महाराज आणि उतारावर मावळे. जुलै २०२५ मध्ये शिवनेरी, रायगडासह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यांच्या वीतभर प्रतिकृती आपली पोरं कितीतरी वर्षं अंगणात बांधत आली आहेत. परदेशात लोक टेबलावर डोंगर उभारून त्यावर सैन्य मांडतात, तेच हे. फरक एकच. आपण मावळे मांडतो आणि चार दिवस नुसते बघतो.

माझ्या लहानपणी आमच्या किल्ल्यावर एक तलवार मोडलेला मावळा होता. भावाने त्याच्या हातात आगपेटीची काडी चिकटवली आणि गुलालाने तिचं टोक रंगवलं. मग आम्ही दोघांनी फासे घेतले. सहा पडले तर मावळा एक कडा चढणार, एक पडला तर खाली. नियम तिथल्या तिथे ठरत होते, आणि बहुतेक भावाच्या सोयीने. शेजारची मुलंही आली, दुपारपर्यंत वरच्या दरवाज्यापाशी सात मावळे पोचले होते आणि दोन फुटले होते. आईने खिडकीतून पाहिलं. “हात लावू नका” म्हणाली नाही. म्हणाली, “चिवड्याचा डबा आणू का?”